एकशे चाळीस पाम आणि एक जेवण

"सूप!"

फोनवर चढ्ढासाहेब एवढंच ओरडले आणि त्यांनी फोन ठेवून दिला. मोबाईल तेव्हा नवीन होता, विटेएवढा होता आणि बोलायला मिनिटामागे भाव होता. म्हणून आमचं ठरलं होतं की एका फोनला एकच शब्द. सूप म्हणजे चेअरमन जेवायला बसले. रोटी म्हणजे जेवण अर्ध्यावर आलं. मीठा म्हणजे संपत आलं, पळा.

मी रिसीव्हर खाली ठेवला आणि लॉबीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "रामसुमेर, उठाओ!"

बारा माळी एकाच वेळी वाकले आणि गुडगावातल्या त्या काचेच्या नव्याकोऱ्या इमारतीतलं जंगल हलायला लागलं.

नव्वदच्या दशकाच्या मधली वर्षं होती. मी शेतकीची पदवीधर. नवऱ्याची, म्हणजे मेजर श्रीकांत टिपणीस यांची बदली दिल्लीला झाली आणि कॅन्टोन्मेंटच्या क्वार्टरमध्ये बसून कंटाळा आला, म्हणून मी एका नर्सरीत नोकरी धरली. मालक चढ्ढासाहेब. त्यांना टिपणीस म्हणता येईना. पहिल्या दिवसापासून मी 'टिप्पणी मॅडम' झाले. एका अर्थी ते बरोबरच होतं, कारण माझं काम टिप्पणी करण्याचंच होतं. ती ऐकण्याचं काम मात्र कोणाचंच नव्हतं.

आमचा धंदा झाडं भाड्याने देण्याचा. लोकांना वाटतं, ऑफिसातली झाडं ऑफिसची असतात. नसतात. एसीच्या खोलीत, ट्यूबलाइटच्या उजेडात झाड तीन-चार आठवडे तग धरतं, मग पिवळं पडतं. म्हणून ते परत आणायचं, नर्सरीत हिरव्या जाळीखाली विश्रांतीला ठेवायचं आणि त्याच्या जागी दुसरं पाठवायचं. याला आम्ही रोटेशन म्हणतो. म्हणजे ऑफिसात एक पाम उभा असेल तर त्याचा एक जोडीदार नर्सरीत आराम करत असला पाहिजे. गिऱ्हाईक भाडं एकाचं देतं, आपण पोसायचे दोन. या धंद्याचं सगळं गणित त्या आराम करणाऱ्या झाडावर उभं असतं.

आणि नेमकं तेच झाड चढ्ढासाहेबांच्या डोळ्यांत खुपायचं. "टिप्पणी मॅडम, ये यहाँ खड़ा खड़ा क्या कर रहा है?"

"आराम कर रहा है, सर."

"आराम तो मैं भी नहीं करता जी!"

त्या वर्षी गुडगावात दर महिन्याला एक काचेची इमारत उभी राहत होती. परदेशी कंपन्या येत होत्या आणि प्रत्येकीला लॉबीत अरेका पाम हवा होता. अरेका म्हणजे तो पिसांसारख्या पानांचा, बारीक पिवळसर खोडांचा झुपका. चढ्ढासाहेब कोणालाच नाही म्हणत नसत. आराम करणारी झाडंही त्यांनी केव्हाच भाड्याने पाठवून दिली होती. त्यांच्या तोंडात एकच वाक्य. "हो जाएगा जी."

तर झालं असं. एका अमेरिकन कंपनीचे चेअरमन पहिल्यांदाच भारतात येणार होते. सकाळी ते आपलं नवं ऑफिस पाहणार, मग जेवणार आणि दुपारी, ऑफिसपासून चार किलोमीटरवर, सरसोंच्या म्हणजे मोहरीच्या शेतांपलीकडे, त्यांच्या दुसऱ्या इमारतीची कोनशिला बसवणार. ऑफिसला एकशे चाळीस पाम हवे होते. दुसऱ्या जागेच्या बिल्डरलाही रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकशे चाळीस हवे होते. दोन्ही ठिकाणी चढ्ढासाहेब 'हो जाएगा जी' म्हणून आले होते.

त्यात फसवाफसवी नव्हती. दुसरे एकशे चाळीस त्यांनी खरोखरच मागवले होते. ते आंध्रातून ट्रकने निघाले होते. समारंभाच्या आदल्या दिवशी सकाळी फोन आला की ट्रकचा अ‍ॅक्सल झाशीच्या अलीकडे तुटला आहे.

मी दिल्लीतल्या सगळ्या नर्सऱ्यांना फोन लावले. कोणाकडे दहा, कोणाकडे सहा, तेही गुडघ्याएवढे. एक जण म्हणाला, "मॅडम, पाम? आजकल तो पाम का फोटो भी नहीं मिल रहा."

"सर, बिल्डरला खरं सांगू या," मी म्हणाले.

चढ्ढासाहेबांचा चेहरा मावळला. ते प्लास्टिकच्या खुर्चीत बसले आणि पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले. बिल्डरकडे पुढच्या सात इमारती होत्या. हे काम गेलं तर तो सातही दुसऱ्याला देणार होता. आणि दुसरा म्हणजे कोण, तर त्यांचाच साडू. साडू याच धंद्यात होता.

मग ते एकदम उठले. "मॅडम, चेअरमन एक है ना?"

"एकच."

"तो एक टाइम पे एक ही जगह होगा ना?"

मी त्यांच्याकडे पाहत राहिले. मला हसू येत होतं. अशा वेळी शहाण्या माणसाने राजीनामा द्यावा. मी विचारलं, "जेवण किती वेळ चालेल?"

ऑफिसच्या अ‍ॅडमिन मॅनेजर मिसेस सूद यांना मात्र मी स्वतः जाऊन सगळं सांगितलं. त्यांच्या लॉबीतून त्यांना न विचारता एक पानही हलवायची माझी तयारी नव्हती. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "सकाळी साहेब बघून गेले की माझं काम झालं. त्यानंतर तुम्ही भिंती नेल्यात तरी चालेल. संध्याकाळपर्यंत परत आणा म्हणजे झालं."

घरी श्रीकांतला सांगितलं. हसून हसून त्याला ठसका लागला. मग त्याने कागद ओढला. लष्करात त्याचं काम सामानसुमान हलवण्याचंच. "आमचा ट्रक मिळणार नाही, ते विसर," तो म्हणाला. "पण प्लॅन फुकट आहे. माणसं गाडीबरोबर फिरवायची नाहीत. निम्मी इथे, निम्मी तिथे. फक्त गाडी फिरेल. आणि जे आधी उतरवायचं ते शेवटी भरायचं."

"आणि वारा?" मी विचारलं. उघड्या गाडीत पामची पानं वाऱ्याने फाटतात, कडा जळतात. प्रत्येक झाड गुंडाळावं लागतं आणि एवढं कापड एका दिवसात आणायचं कुठून?

ते कोडं कॅन्टोन्मेंटमधल्या बायकांनी सोडवलं. वेलफेअर सेंटरमध्ये मी नुसता विषय काढला आणि तासाभरात जुन्या साड्यांचा ढीग लागला. सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या जवानांच्या बायका, जुनी साडी टाकून देणं कोणाच्याच रक्तात नव्हतं. शिंदेवहिनींनी सासूबाईंचं नऊवारी दिलं आणि बजावलं, "हे मोठ्या झाडाला गुंडाळा हं. लहान झाड बिचारं गुदमरेल."

असे आम्ही तयार होतो. सकाळी चेअरमन आले. उंच, पांढरे केस, सत्तरीचे. लॉबीत शिरताच थांबले, वर पाहिलं आणि म्हणाले, "वा!" मिसेस सूद यांनी माझ्याकडे बघून डोळा मारला. अडीच तासांनी ते बिल्डरच्या क्लबात जेवायला गेले. तिथल्या टेबलांवरची फुलंही आमचीच होती. त्या निमित्ताने चढ्ढासाहेब स्वयंपाकघराच्या दाराशी मोबाईल घेऊन उभे राहिले.

आणि मग 'सूप' आलं.

युक्ती कुंड्यांची होती. बाहेरून दिसते ती पांढरी शोभेची कुंडी. आत काळ्या प्लास्टिकची साधी कुंडी असते, खरं झाड तिच्यात. आम्ही आतली उचलायची, पांढरी तिथेच सोडायची. बिल्डरच्या रस्त्यावर मातीच्या लाल कुंड्या आधीच रांगेत लावून ठेवल्या होत्या. काळी कुंडी लालमध्ये बसवली, वर शेवाळ पसरलं की तोच पाम नव्या घरचा. नवरीचं नाव बदलतात तसं.

तीन मेटाडोर होत्या. प्रत्येकीच्या दोन खेपा. पहिली गाडी अकरा मिनिटांत भरली. साड्यांत गुंडाळलेले चोवीस पाम, हिरव्या, जांभळ्या, बुट्टीच्या, जरीच्या, एकमेकांना टेकून उभे. माळी हसत होते. रामसुमेर आमचा हेड माळी, पूर्व उत्तर प्रदेशातला, एरवी तोंड न उघडणारा माणूस. तो म्हणाला, "मैडम, बिदाई का गाना गाऊँ?" आणि त्याने खरंच गायला सुरुवात केली. बाकीच्यांनी ठेका धरला. काचेच्या लिफ्टमधून टाय लावलेली पोरं खाली बघत होती.

तिसरी गाडी भरत असताना फोन वाजला. 'रोटी'ची वेळ झालीच होती. मी उचलला.

"मीठा!"

"काय? सर, रोटी?"

"रोटी छोड़ दी उसने! सलाद खा के बैठा है! मीठा!" एवढे सगळे शब्द खर्चून चढ्ढासाहेबांनी फोन ठेवला.

निम्मे पाम अजून लॉबीत होते. मी क्लबचा नंबर फिरवला, त्यांना स्वयंपाकघरातल्या फोनवर बोलावून घेतलं आणि सांगितलं, "सर, काहीही करा. वीस मिनिटं."

त्यांनी काय केलं ते मला नंतर कळलं. ते सरळ हलवायाकडे गेले आणि त्याला कढईसकट उचलून चेअरमनच्या टेबलासमोर आणलं. त्याने गरम तुपात जिलब्या पाडायला सुरुवात केली. चेअरमन खुर्ची ओढून जवळ आले. मग कोट काढला. मग म्हणाले, मी करून बघू का? पहिली जिलबी झुरळासारखी झाली. दुसरी इंग्रजी आठासारखी. मग मात्र त्यांना नादच लागला. बिल्डर घड्याळ बघत होता, बिल्डरची माणसं टाळ्या वाजवत होती आणि चढ्ढासाहेब दर वेळी म्हणत होते, "एक और, सर, बस एक और!"

इकडे मी शेवटच्या गाडीत ड्रायव्हरशेजारी बसले, रामसुमेर मागे पामांत उभा राहिला. दुसरी खेप सुरू झाली होती. सगळं मजेत चाललं होतं आणि सरसोंच्या शेतांमधल्या वळणावर समोर म्हशी आल्या.

वीस-पंचवीस असतील. रस्ता त्यांचाच होता, आम्ही नवे होतो. त्या गाडीभोवती जमल्या. एकीने मान लांब करून साडीतून बाहेर आलेलं पान ओढलं. तिला आवडलं. तिने बाकीच्यांना काही सांगितलं असावं.

"अरे, हटाओ! हटाओ!" मी दार उघडून ओरडले. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. म्हशी हॉर्नला भीक घालत नाहीत, हे त्याला त्या दिवशी कळलं.

मागून एक म्हातारे चौधरी काठी टेकत आले. पांढरा फेटा. त्यांनी गाडीतल्या जरीच्या साड्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "ब्याह सै के?" लग्न आहे का?

मला दुसरं काही सुचलंच नाही. "हां, ताऊ."

"छोरी कित की सै?"

"झाशी की," मी म्हणाले. का म्हणाले, देव जाणे.

"फेर तो देर ना होनी चाहिए," ताऊ गंभीरपणे म्हणाले. त्यांनी काठी उचलून एकच हाक दिली आणि तो सगळा कळप डावीकडे वळला. वर त्यांनी खिशातून एक रुपया काढून माझ्या हातावर ठेवला. नवरीसाठी शगुन म्हणून. मी तो घेतला. नाही म्हणणं वाईट दिसलं असतं.

सहा पाम अर्धे खाल्लेले होते. ते आम्ही मागच्या रांगेत, मंडपाच्या खांबाआड लावले. शेवटची कुंडी बसवली, शेवटची साडी ओढून काढली आणि रस्त्याच्या टोकाला धूळ दिसली. गाड्या येत होत्या. मी साड्यांचं गाठोडं घेऊन मंडपामागे पळाले आणि खाली बसून हसत सुटले. रामसुमेरही हसत होता. दोघांनाही थांबता येईना.

कोनशिला बसली. चेअरमननी पामच्या रांगेतून चालत जाऊन हार घातले-घेतले. टाळ्या झाल्या. चढ्ढासाहेब माझ्याजवळ आले. त्यांच्या शर्टावर तुपाचे डाग होते आणि चेहरा नवरदेवाच्या बापासारखा फुलला होता.

तेवढ्यात चेअरमन बरोबर आलेल्या मिसेस सूद यांना म्हणाले, "विमानतळावर जाता जाता पुन्हा ऑफिसात थांबू या. ती लॉबी मला गर्दी नसताना एकदा बघायची आहे. फार आवडली मला ती झाडं."

चढ्ढासाहेबांनी माझा दंड धरला. "मॅडम, दस मिनट में..."

"नाही, सर," मी म्हणाले. "अब नहीं हो जाएगा."

आयुष्यात मी तेवढी धीट कधीच नव्हते. कदाचित दिवसभराच्या हसण्याने डोकं हलकं झालं असेल. मी पुढे झाले, माझं नाव आणि काम सांगितलं आणि इंग्रजीत म्हणाले, "सर, ती झाडं लॉबीत नाहीत. तुम्ही आत्ता त्यांच्याच खाली उभे आहात."

त्यांनी वर पाहिलं. मग रांगेकडे. मग माझ्याकडे. बिल्डरचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं होतं, कोणी पुसायला विसरावं तसं.

"सगळी?" चेअरमननी विचारलं.

"सगळी. सहा म्हशींनी खाल्ली, ती मागे आहेत."

"केव्हा आणलीत?"

"तुम्ही जिलब्या करत होतात तेव्हा."

मग त्यांनी विचारलं, "अजून झाडं का नाहीत तुमच्याकडे? मागणी तर दिसते आहे."

हा प्रश्न मला कोणीतरी विचारावा म्हणून मी वर्षभर वाट पाहत होते. मी सांगितलं, "सर, एवढा पाम व्हायला तीन वर्षं लागतात. पैसे दुप्पट दिले तरी तीनच. तीन वर्षांपूर्वी इथे काचेची एकही इमारत नव्हती. तेव्हा कोणी हजार पाम लावले असते तर घरच्यांनी त्याला डॉक्टरकडे नेलं असतं. मागणी एका सहीने वाढते. झाड सहीने वाढत नाही."

म्हातारबुवा हसायला लागले. आधी गालातल्या गालात, मग खांदे हलवत. म्हणाले, "माझा पहिला कारखाना. मशीन एकच, गिऱ्हाइकं दोन. एकाला सकाळी निळं रंगवून दाखवलं, दुसऱ्याला दुपारी हिरवं. दुसऱ्याच्या कोटाला रंग लागला." मग बिल्डरकडे वळून म्हणाले, "या बाईंना काम देत राहा. कमी पडलं तर सांगतात तरी."

ते ऑफिसात गेलेच. रिकाम्या पांढऱ्या कुंड्यांच्या रांगेत उभे राहून त्यांनी फोटो काढून घेतला, असं मिसेस सूद यांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं.

बिल्डरच्या साती इमारती आम्हाला मिळाल्या. भाडं मात्र त्याने त्या दिवसाचं निम्मंच दिलं, कारण झाडं अर्धाच दिवस होती. आणि करारात नवं कलम घातलं, की भाड्याने घेतलेलं झाड लेखी परवानगीशिवाय जागेवरून हलणार नाही. पुढे गुडगावातल्या बऱ्याच करारांत मला तेच कलम शब्दाशब्दाने दिसलं. ताऊंचा रुपया मी झाशीहून आठवड्याने पोचलेल्या ट्रकच्या ड्रायव्हरला दिला. त्याला कारण सांगितलं नाही.

चढ्ढासाहेबांनी माझं भाषण मनावर घेतलं. फारच घेतलं. त्यांनी सोहना रस्त्याला जमीन घेतली आणि दहा हजार पाम लावले. मी म्हणाले, "सर, दोन हजार लावा. बाकी थोडं थोडं वेगळं लावा." ते म्हणाले, "टिप्पणी मॅडम, आपने ही तो कहा था!"

त्यांचा साडूही त्या दिवशी समारंभाला आला होता, हे आम्हाला फार उशिरा कळलं. त्यानेही लावले. त्याच्या शेजाऱ्यानेही. तीन वर्षांनी सगळ्यांचे पाम एकाच पावसाळ्यात कमरेवरून डोक्यावर गेले आणि दिल्लीत पामला कोणी विचारेना. शिवाय कंपन्यांना आता बांबू हवा होता. चढ्ढासाहेबांनी शेवटी ते पाम लग्नाच्या मंडपवाल्यांना मिळेल त्या भावात दिले. श्रीकांतची बदली जबलपूरला झाली तेव्हा निरोपाला त्यांनी मलाही चार दिले. नेण्याचा खर्च झाडांपेक्षा जास्त होता.

पुढे तीस वर्षं मी याच धंद्यात काढली. नवीन मुलं विचारतात, सध्या कशाला मागणी आहे, काय लावू? मी त्यांना सांगते, सध्या ज्याला मागणी आहे ते सोडून काहीही लावा. मुलं मान हलवतात, वहीत लिहून घेतात आणि घरी जाऊन मागणी असलेलंच लावतात.